पहिला चांगला घडीचा चाकू: पोलादाच्या नावाआधी पात्याची जाडी बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आधीचे दोन स्वस्त चाकू महिन्याभरात बोथट झाले, म्हणून आता जरा जास्त पैसे घालून एकच चांगला घडीचा चाकू घ्यायचाय. काम नेहमीचंच. खोकी उघडायची, दोरी कापायची, सफरचंद चिरायचं, डोंगरात गेल्यावर एखादी काडी तासायची. आणि मग मुख्य प्रश्न: कोणत्या पोलादाचा चाकू घेतला म्हणजे पुन्हा धार लावावी लागणार नाही?

असं पोलाद मिळत नाही. मी बावीस वर्षं चाकू, सुऱ्या आणि कात्र्यांना धार लावतोय, खिळखिळे झालेले घडीचे चाकू दुरुस्त करतोय. माझ्याकडे महागातले महाग चाकू येतात आणि तेही बोथट होऊनच येतात. साध्या पोलादाचा चाकू पाच-दहा मिनिटांत पुन्हा कामाला लागतो, महागड्यावर कधीकधी अर्धा तास जातो, एवढाच फरक. तुमच्या प्रश्नात एक वाक्य सहज आलंय, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: त्या दोन्ही चाकूंना तुम्ही एकदाही धार लावलेली नाही. ते चाकू वाईट होते की नव्हते, हे त्यामुळे तुम्हाला अजून कळलेलंच नाही. आणि धार लावता येत नसेल तर तिसरा चाकूही तिथेच जाईल, फक्त दोन-तीन महिने उशिरा.

म्हणून चाकू कोणता घ्यावा हे सांगतो, पण धार कशी लावावी यावर जास्त वेळ घालवणार आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. समुद्राजवळ राहत असाल, हाताला घाम फार येत असेल किंवा चाकू ओला ठेवून विसरायची सवय असेल, तर न गंजणारं पोलादच घ्या. दिवसभर पुठ्ठा कापायचं काम असेल तर गणित वेगळं, कारण पुठ्ठ्यातली बारीक माती आणि खनिजं धार वाळूच्या कागदासारखी खातात. डावखुरे असाल तर खटका, म्हणजे उघडलेलं पातं पक्कं धरणारी कळ, डाव्या हातानं सोडता येतो का ते बघावं लागेल. आणि कायदा. पात्याची लांबी, खटक्यानं पक्कं बसणारं पातं, बटण दाबताच उघडणारा चाकू, या प्रत्येकाबद्दल देशोदेशी नियम वेगळे आहेत. ब्रिटनचंच बघा: खटका नसलेला, तीन इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू तिथे कारण न देता जवळ बाळगता येतो, पण पातं खटक्यानं पक्कं बसणारं असलं की त्याच लांबीच्या चाकूला ती सूट मिळत नाही. तुम्ही राहता तिथला आणि जाणार असाल तिथला नियम घेण्याआधी वाचा. विमानात तो जवळच्या पिशवीत चालणार नाही, हे धरूनच चाला.

आता चाकू. नवे लोक पहिल्यांदा पोलादाचं नाव विचारतात. मी पहिल्यांदा पात्याची जाडी बघतो. दोन चाकू घ्या, एकाची पाठ चार मिलिमीटर जाड, दुसऱ्याची दोन. दोघांनाही हातावरचे केस निघतील अशी धार लावा आणि सफरचंद कापा. जाड पातं सालीतून अलगद आत शिरतं, मग अडकतं, आणि जोर दिला की फोड तडकून सुटते. पातळ पातं शेवटपर्यंत कापत जातं. धार दोघांची सारखीच होती. धारेच्या मागे जे पोलाद उभं असतं ते फळातून, पुठ्ठ्यातून, लाकडातून मागोमाग जायला हवं. ते जाड असेल तर चाकू पाचरीसारखा वागतो.

म्हणून पाठीपेक्षाही धारेच्या लगेच वरची जाडी महत्त्वाची. तिथे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर उत्तम. ०.८ मिलिमीटरच्या पुढे गेली की रोजच्या कामाला चाकू जड जातो. मोजायला साधन नसेल तर धारेवर जो चकाकणारा उतार दिसतो त्याची रुंदी बघा. सर्वसाधारण कोनाला अर्ध्या मिलिमीटर जाडीवर तो पाऊण मिलिमीटरच्या आसपास भरतो. एक मिलिमीटरच्या बराच पुढे गेलेला दिसला तर बहुतेक वेळा पातं जाड आहे. लढाऊ दिसणारे, काळ्या रंगाचे, भारदस्त चाकू इथेच नापास होतात, आणि पहिला चाकू म्हणून नेमके तेच घेतले जातात याचं मला फार वाईट वाटतं.

पात्याचा आकार साधा असू द्या. टोकाकडे हळूच वर वळत जाणारी धार हवी. करवतीसारखे दात असलेलं पातं नको, त्याला सपाट दगडावर धार लागत नाही. आत वळलेली, विळ्यासारखी धारही नको, त्याच कारणानं. लांबी सात ते नऊ सेंटिमीटर पुष्कळ झाली.

पोलादाबद्दल आता सांगतो, कारण तुमचा गोंधळ तिथेच झालाय. चाकू तीन प्रकारे बोथट होतो. मऊ पोलादाची धार एका बाजूला वळते. ठिसूळ पोलादाची धार बारीक बारीक तुटते. आणि कुठल्याही पोलादाची धार घासून झिजते. धार वळू नये म्हणून पोलाद टणक हवं, तुटू नये म्हणून चिवट हवं, झिजू नये म्हणून त्यात कार्बाइडचे कठीण कण हवेत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी वाढवता येत नाहीत, एकीकडे ओढलं की दुसरीकडे कमी पडतं. टणकपणा रॉकवेल सी या मापात सांगतात. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या खिशातल्या चाकूंचं पातं ५६ च्या आसपास असतं, आजचे बरेच चांगले घडीचे चाकू ५८ ते ६१ मध्ये असतात. ५६ चं पातं लवकर धार सोडतं, पण सहसा तुटत नाही आणि दगडावर लगेच वळणावर येतं.

न गंजणाऱ्या पोलादाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं जवळजवळ तेरा टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. त्याच्या सुरुवातीच्या सुऱ्या बघून तिथले सुरी करणारे कारागीर त्याला ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा’ म्हणून हिणवत. नवं पोलाद जुन्या सवयीनं तापवून आणि विझवून चालत नव्हतं. ते कसं तापवायचं हे कळल्यावर त्याच पोलादाच्या सुऱ्या कापायला लागल्या. पोलादाला ‘पाणी देणं’ म्हणतात ते हेच, आणि आजही तेच खरं आहे. ४२०एचसी हे नाव वाचून लोक नाक मुरडतात, पण बक कंपनी त्याला इतकं व्यवस्थित पाणी देते की त्यांचा चाकू चांगली धार धरतो. उलट मोठ्या नावाचं पोलाद नीट पाणी न दिल्यानं भुसभुशीत निघालेलं मी पाहिलंय. पात्यावर कोरलेलं नाव म्हणजे शिधा काय आणला त्याची यादी, स्वयंपाक कसा झाला ते त्यात लिहिलेलं नसतं.

तुमच्या कामाला १२सी२७ किंवा १४सी२८एन यांपैकी कुठलंही पोलाद पुरून उरेल. दोन्हींचे कण बारीक आहेत, दोन्ही साध्या दगडावर सुरेख धार घेतात, आणि रोज पुसलं तर गंजत नाहीत. डी२ स्वस्तात मिळतं आणि धारही बराच काळ टिकवतं, पण एक लक्षात ठेवा: त्यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे ते न गंजणारं म्हणता येत नाही. एस३०व्ही किंवा २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट ही फार चांगली पोलादं आहेत. मॅग्नाकट तर मला मनापासून आवडतं. पण त्यांत व्हॅनेडियमचे कार्बाइड असतात आणि ते साध्या दगडातल्या अॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण. म्हणजे धार लावायला हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. हात बसला नसताना असं पातं घेतलं की तासभर घासूनही धार येत नाही, आणि माणूस स्वतःलाच दोष देऊन सोडून देतो.

साधं कार्बन पोलाद, उदाहरणार्थ ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूंचं, धार लावायला सगळ्यात गोड. पण ओलं राहिलं तर गंजतं. काही दिवसांत त्यावर निळसर करडा थर चढतो तो गंज नव्हे, तो घासून काढू नका. तांबूस, हाताला खरखरीत लागणारा डाग मात्र त्याच दिवशी काढा.

खटक्याकडे वळू. काही चाकूंना खटका नसतोच, पाठीतली पट्टी पात्याला दाब देऊन उघडं ठेवते. व्हिक्टोरिनॉक्सचं छोटं पातं असंच. तुमच्या ऐंशी टक्के कामाला हे चालतं, फक्त पाठीच्या दिशेनं जोर द्यायचा नाही. ओपिनेलच्या मुठीवर फिरणारं कडं असतं, ते १९५५ मध्ये आलं. कडं फिरवलं की पातं अडतं, इतकं सोपं की बिघडायला त्यात काही नाही. लायनर लॉक, म्हणजे मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्यामागे सरकून बसते तो प्रकार, मायकेल वॉकर या कारागिरानं १९८० च्या दशकात आजच्या रूपात आणला. फ्रेम लॉकमध्ये मुठीची एक बाजूच ते काम करते. पाठीवर दाबायचा खटका जुना आणि भरवशाचा, पण एका हातानं मिटायला जरा अवघड.

यांतला कुठलाही घ्या, पण स्वच्छ ठेवा. माझ्या उजव्या तर्जनीवर एक आडवी खूण आहे. पट्टीच्या बैठकीत खिशातला कापसासारखा मळ साचला होता, पट्टी अर्धवटच बसली होती, आणि मी लाकडात रुतलेलं टोक वरच्या बाजूला उचकटत होतो. पातं मिटलं. चूक माझी होती, दोन्हीकडून: मळ साफ केला नव्हता, आणि चाकूनं उचकटायचं नसतं. खटका अपघातासाठी असतो, त्याच्यावर भार टाकून काम करायचं नाही.

हातात घेऊन बघता आला तर एवढं तपासा. पातं उघडून टोकाला धरून वर-खाली हलवा. पक्क्या खटक्यात या दिशेला जराही हालचाल नको, असेल तर तो चाकू ठेवून द्या. बाजूला किंचित हलत असेल तर चालेल, बिजागरीचा स्क्रू पाव वळसा आवळून ते जातं. लायनर लॉकची पट्टी पात्याच्या मुळावर पुरेशी आत सरकते का बघा. एखाद्या केसाइतकी कडेवर टेकली असेल तर नको, पार दुसऱ्या बाजूला जाऊन भिडली असेल तरी नको. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं का आणि टोक बोटाला लागत नाही ना, तेही बघा. मूठ मिनिटभर घट्ट आवळून धरा. जिथे टोचेल तिथे दहा मिनिटांच्या कामानंतर फोड येणार.

नावंच हवी असतील तर पहिला चाकू म्हणून मी बहुतेकांना ओपिनेल आठ नंबर, न गंजणाऱ्या पात्याचा, सांगतो. साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, वजन जवळजवळ नाहीच. लाकडी मूठ पाण्यानं फुगते आणि पातं घट्ट होतं, वाळल्यावर सुटतं. ते पटत नसेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा अॅल्युमिनियमच्या मुठीचा पायोनियर. आणि एका हातानं उघडणारा, खिशाला अडकवायची क्लिप असलेलाच हवा असेल तर १४सी२८एन पोलादाचा, पातळ पात्याचा कुठलाही नावाजलेला चाकू. ज्यांच्या नकला निघतात असे चाकू कंपनीनं नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, नकलेवर पोलादाचं नाव काहीही कोरलेलं असतं.

इथवरचं एका दमात: धारेमागे पातळ, पोलाद मध्यम टणक आणि बारीक कणांचं, खटका साधा, आकार सरळ. एवढं जमवल्यावर पैसे उरतात. ते दगडात घाला.

दगड कोणता? वीस सेंटिमीटर लांब आणि सात सेंटिमीटर रुंद, एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० नंबरचा. आकडा वाढेल तसा दगड बारीक. पाण्याचा दगड चालेल, हिऱ्याच्या कणांची पट्टीही चालेल. पट्टी कायम सपाट राहते, पाण्याचा दगड मधे झिजून खळगा पडतो आणि काचेवर ठेवलेल्या वाळूच्या कागदावर घासून तो पुन्हा सपाट करावा लागतो. हिऱ्याच्या पट्टीवर जोर मात्र देऊ नका, कण उखडतात. पाण्याच्या दगडावर तेल कधीही घालायचं नाही, तेल भिनलं की त्यावर पाणी धरत नाही. तिसरी वस्तू म्हणजे लाकडाच्या फळीवर चिकटवलेला चामड्याचा तुकडा आणि त्यावर चोळायला हिरवी क्रोमियम ऑक्साइडची कांडी. ६००० नंबरचे, ८००० नंबरचे दगड आज नकोत. पुढे आवड लागली तर घ्या.

दोन चाकांमधून ओढायचं छोटं यंत्र विकतात, ते नको. ते धार घासत नाही, खरवडतं, आणि कोन त्याच्या मर्जीचा. विजेवर फिरणारं कोरडं चाक तर मुळीच नको. शिकत असताना मी एका गिऱ्हाइकाच्या पात्याचं टोक त्यावर धरलं आणि दोन सेकंदांत ते निळं झालं. पोलादावर निळा रंग आला म्हणजे तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलं, आणि साध्या कार्बन पोलादाचं पाणी तेवढ्यात उतरतं. ते टोक पुन्हा कधी धार धरू शकलं नाही. मी त्यांना नवा चाकू घेऊन दिला.

आता धार. एकच गोष्ट समजून घ्या: पात्याच्या दोन बाजूंचे दोन उतार जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार. बोथट चाकूत ते भेटत नाहीत, मधे एक गोलसर पट्टी असते. दिव्याखाली धार वर करून बघा. जिथे प्रकाश चमकतो तिथे चाकू बोथट आहे, खरी धार प्रकाश परत फेकत नाही. दोन्ही उतार पुन्हा भेटेपर्यंत घासायचं, एवढंच काम.

कोन किती? दर बाजूला १५ ते २० अंश. शिकताना २० च्या जवळपास ठेवा. अंश डोळ्यांनी कळत नाहीत, उंची कळते. पात्याची रुंदी २५ मिलिमीटर असेल तर २० अंशांना पाठीचा मध्य दगडापासून साधारण साडेआठ मिलिमीटर वर येतो, १५ अंशांना साडेसहा. तेवढ्या उंचीची नाणी एकावर एक ठेवून पाठ त्यावर टेकवून बघा, हाताला तो कोन ओळखीचा होऊ द्या, मग नाणी काढा. त्याहून सोपा उपाय म्हणजे धारेच्या उतारावर काळ्या मार्करनं रंग द्या आणि दगडावर दोनदा फिरवा. रंग फक्त वरच्या कडेचा गेला तर पाठ थोडी वर घ्या, फक्त धारेजवळचा गेला तर थोडी खाली. सगळा गेला तर कोन जुळला. मी आजही अनोळखी पात्याला पहिल्यांदा मार्करच लावतो.

घडीच्या चाकूची एक खास अडचण आहे. मूठ दगडाच्या कडेला अडते आणि पात्याचा मुळाकडचा भाग घासलाच जात नाही. म्हणून दगड टेबलाच्या कडेला ठेवा किंवा खाली लाकूड घालून तीन-चार सेंटिमीटर उचलून घ्या. खटका नसलेला चाकू असेल तर पातं मिटण्याच्या दिशेला दाब पडणार नाही असा धरा. बिजागरीवर कागदी चिकटपट्टी लावा. दगडाचा चिखल आत गेला तर पातं उघडताना कायम कुरकुरतं.

४०० ची बाजू ओली करा. एका बाजूनं, धार पुढे ठेवून, दगडाचा पातळ पापुद्रा काढत असल्यासारखं ढकला. मुळापासून टोकापर्यंत, आणि जिथे धार वळते तिथे मूठ किंचित उचला, नाहीतर टोकाकडे कोन बदलतो. जोर मध्यम. बाजू बदलू नका. त्याच बाजूनं घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला ‘बर’ येत नाही.

हा बर कळला की धार लावणं कळलं. एका बाजूनं घासत घासत तुम्ही धारेच्या रेघेपर्यंत पोचलात की पोलादाची अगदी बारीक कोर दुसऱ्या बाजूला वळते, तिला बर म्हणतात. दिसत नाही, जाणवते. न घासलेल्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेपलीकडे हलकेच नेला की अडखळल्यासारखं लागतं. धारेच्या लांबीनं मात्र बोट कधी फिरवू नका. बर मुळापासून टोकापर्यंत अखंड लागायला हवा. मधे कुठे लागला नाही तर तिथे उतार अजून भेटलेले नाहीत, तिथेच आणखी घासा. पहिल्यांदा याला दहा-वीस मिनिटं लागू शकतात, आणि बहुतेक लोक नेमकं याच्या पाच मिनिटं आधी थांबतात. मग हजारचा दगड, चामडं, सगळं करतात आणि चाकू कापत नाही. ज्यांचे चाकू माझ्याकडे ‘खूप घासला, पण धार येईना’ म्हणून येतात, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं एवढंच असतं.

बर आल्यावर बाजू बदला आणि तसाच बर पहिल्या बाजूला आणा. मग १००० च्या बाजूवर तेच, इथे वेळ फार लागत नाही.

पुढचं काम नाजूक आहे. बर आता काढायचा. तो तसाच राहिला तर चाकू एक दिवस वस्तऱ्यासारखा कापतो आणि दुसऱ्या दिवशी बोथट, कारण ती वळलेली कोर तुटून गेलेली असते. आधीच्या चाकूंना धार लावून घेतली असतीत तरी कदाचित हाच अनुभव आला असता, घाईत लावलेल्या धारेत बर तसाच राहतो. म्हणून १००० वर आता एक हात या बाजूनं, एक त्या बाजूनं, आणि प्रत्येक वेळी जोर कमी करत जा. शेवटचे पाच-सहा हात केवळ पात्याच्या वजनानं. मग चामडं. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे, वस्तरा पट्ट्यावर फिरवतात तशी. दहा-बारा हात, हलक्या हातानं. चामड्यावर दाबलं तर ते धारेभोवती वर येतं आणि केलेली धार गोल करतं.

तपासायला साधा छापील कागद घ्या. हवेत धरून मुळापासून टोकापर्यंत चाकू ओढा. जिथे फाटेल किंवा अडेल ती जागा लक्षात ठेवा, तिथे बर उरलाय किंवा खाच आहे. केस निघतात का हे बघायची गरज नाही. बर उरलेला चाकूही केस काढतो, त्यामुळे ती परीक्षा फसवते.

मग रोजचं. पुठ्ठा बराच कापल्यावर किंवा आठवड्यातून एकदा चामड्यावर वीस हात. चामड्यानं भागेनासं झालं की १००० वर पाच मिनिटं. एवढं वेळेवर केलं तर ४०० ची बाजू वर्षातून एक-दोनदाच लागते. काचेवर किंवा चिनी मातीच्या ताटात कापू नका, एका फेरीत धार जाते. लाकूड किंवा मऊ प्लास्टिक चालेल. काही वर्षं धार लावत गेलात की पात्याची रुंदी कमी होते आणि धार वर, जाड भागात सरकते. तेव्हा चाकू धारदार असूनही अडायला लागतो. मग ४०० च्या बाजूवर आठ-दहा अंशांनी धारेमागचा भाग पातळ करून घ्यायचा. हे काम पहिल्यांदा कुणा जाणकाराकडून करून घ्या आणि जवळ उभं राहून बघा.

फळ कापल्यावर पातं पाण्यानं धुऊन पुसा. बिजागरीतला मळ जुन्या दातांच्या ब्रशनं काढा आणि औषधाच्या दुकानात मिळणारं पातळ खनिज तेल एक थेंब घाला. एकच थेंब, जास्त घातलं की तेच धूळ धरतं. खाण्याचं तेल नको, ते काही आठवड्यांत चिकट होतं. स्क्रू असलेला चाकू उगाच उघडून बसू नका. चांदणीच्या आकाराच्या टोकाचा पेचकस योग्य मापाचा नसेल तर स्क्रूचं डोकं एका वळशात गोल होतं.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की त्या दोन बोथट चाकूंचं काय करू. टाकू नका. आधी दगड मागवा, चाकू नंतर. मार्कर, ४०० ची बाजू, बर, सगळं त्या दोघांवर करा. चुकलात तर नुकसान काही नाही, आणि मऊ पोलादावर बर लवकर येतो, त्यामुळे तो हाताला ओळखू यायला तेच बरे. दोघांपैकी एकाची धार कागद सरळ कापायला लागली की मग नवा मागवा. कागद अडत असेल तर कुठे अडतो ते लिहून कळवा, मुळाशी, मधे की टोकाला. त्यावरून पुढचं सांगतो.